जपानी मालिका आपल्या घरी, पण जपानच्या घड्याळाने

मंगळवारी पुण्यात संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा टोकियोत रात्रीचे दहा झालेले असतात आणि टीबीएस वाहिनीवर त्या हंगामातल्या मालिकेचा नवा भाग सुरू होतो. मला तो त्या क्षणी दिसत नाही. कधी तो थोड्या दिवसांत रीतसर मार्गाने इथे पोचतो, कधी दोन वर्षं लागतात, कधी येतच नाही. तरीही आज कितवा भाग आहे, मालिका कुणी लिहिली आहे, मागच्या आठवड्यात गोष्ट कुठे थांबली होती, हे मला ठाऊक असतं. जपानी मालिकांवर दुरून प्रेम करायचं तर एवढी तयारी लागतेच. ती कशी करायची, हे मी इथे पायरीपायरीने लिहिते आहे. जपानी भाषेचा गंध नसलेल्या वाचकालाही हे सगळं जमेल.

सुरुवातीला एक गोष्ट समजून घ्यावी, म्हणजे पुढे चिडचिड होत नाही. कोरियन मालिका जगभर सहज मिळतात, मग जपानी का नाहीत? जपानची घरची बाजारपेठ मोठी आहे. जाहिरातदारांच्या पैशावर मालिका देशातच आपला खर्च काढत आली, त्यामुळे परदेशात विकण्याची निकड वाहिन्यांना फारशी वाटली नाही. दुसरा अडथळा हक्कांचा. एका मालिकेत मूळ मंगा (जपानी चित्रकथा) किंवा कादंबरीचे, शीर्षकगीताचे, पार्श्वसंगीताचे आणि प्रत्येक नटाच्या संस्थेचे असे वेगवेगळे हक्क गुंतलेले असतात. ते पुष्कळदा जपानातल्या प्रक्षेपणापुरतेच घेतलेले असतात. एक गाणं किंवा एक नट अडला की अख्खी मालिका अडते. आपल्याला हवी ती मालिका मिळाली नाही, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

पायरी पहिली : हंगाम ओळखा

आपल्याकडची मालिका टीआरपी आहे तोवर चालते. जपानी मालिका सुरू होते तेव्हाच तिचा शेवट ठरलेला असतो. वर्षाचे चार हंगाम असतात: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. अशा एका हंगामाला तिकडे 'कूरु' म्हणतात. आठवड्याला एक भाग, एकूण दहा किंवा अकरा भाग, आणि गोष्ट संपते. पुढच्या हंगामात त्याच वेळेला दुसरी मालिका. पहिला आणि शेवटचा भाग पुष्कळदा दहा-पंधरा मिनिटांनी लांबवलेला असतो.

जपानी प्रेक्षकाच्या डोक्यात वाहिनी, वार आणि वेळ यांची सांगड पक्की बसलेली असते. फुजी टीव्हीच्या सोमवार रात्री नऊच्या जागेला 'गेत्सुकू' असं स्वतंत्र नावच आहे. 'गेत्सु' म्हणजे सोमवार, 'कू' म्हणजे नऊ. १९९०च्या दशकात तिथल्या प्रेमकथांनी तरुण जपानला वेड लावलं होतं. टीबीएसची रविवार रात्री नऊची जागा वजनदार कथांची, ऑफिस, कारखाने, बँका यांच्या संघर्षाची. २०१३ मध्ये 'हानझावा नाओकी' या बँकेतल्या मालिकेचा शेवटचा भाग टोकियो आणि भोवतालच्या कांतो भागात ४२.२ टक्के घरांनी पाहिला, तो याच जागेवर. टीबीएसचीच मंगळवार रात्री दहाची जागा हलक्याफुलक्या नात्यांच्या गोष्टींची. टीव्ही टोकियो मोठ्या वाहिन्यांत सगळ्यांत लहान, पण रात्री उशिराच्या तिच्या छोट्या मालिका मला फार आवडतात. कमी खर्च, अर्ध्या तासाचा भाग आणि लेखकाला मोकळीक.

एनएचके ही सार्वजनिक वाहिनी या चौकटीत बसत नाही. तिची सकाळची 'असादोरा' १९६१ पासून चालू आहे. रोज १५ मिनिटं, एक गोष्ट सहा महिने, २०२० पासून सोमवार ते शुक्रवार. रविवारी रात्री आठला 'ताइगा', म्हणजे वर्षभर चालणारी ऐतिहासिक मालिका, १९६३ पासून. १९८३-८४ मधली 'ओशिन' ही असादोराच होती: २९७ भाग, सरासरी ५२.६ टक्के प्रेक्षक आणि साठाहून अधिक देशांत प्रक्षेपण. दुरून जपानी मालिका पाहणाऱ्या चाहत्यांची पहिली मोठी पिढी ओशिननेच घडवली, असं मी मानते.

मालिकांच्या घोषणा हंगामाआधी एक-दोन महिने होतात. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला एकदा बसून येणाऱ्या मालिकांची यादी पाहायची आणि त्यातल्या फक्त दोन-तीन निवडायच्या. दहा निवडल्या तर एकही मनापासून पाहून होत नाही.

पायरी दुसरी : वेळ आणि साल वाचायला शिका

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. रात्री नऊची मालिका म्हणजे इथे संध्याकाळी साडेपाच, दहाची म्हणजे साडेसहा. असादोरा तिकडे सकाळी आठला, म्हणजे आपल्या पहाटे साडेचारला. तिचं दुपारी पाऊणला होणारं पुनःप्रक्षेपण इथे सव्वानऊला पडतं.

एका जागी नवा माणूस हमखास अडखळतो. रात्री उशिराच्या कार्यक्रमांची वेळ जपानी वाहिन्या २४च्या पुढे मोजत जातात. 'शुक्रवार २४:१२' म्हणजे शनिवार सुरू होऊन बारा मिनिटं झालेली असतात. '२५:००' म्हणजे रात्रीचा एक. आपल्या घड्याळात शुक्रवार २४:१२ म्हणजे शुक्रवारचेच रात्री ८ वाजून ४२ मिनिटं. त्यांच्या हिशेबात माणूस झोपेपर्यंत तोच दिवस असतो. हे लक्षात ठेवलं की वार चुकत नाही.

मालिकेतल्या पाट्या, पत्रं आणि वर्तमानपत्रं यांवर बहुधा सम्राटांच्या कालखंडाप्रमाणे साल असतं. 'शोवा'च्या आकड्यात १९२५ मिळवा, 'हेइसेइ'च्या आकड्यात १९८८ आणि 'रेइवा'च्या आकड्यात २०१८. शोवा ६१ म्हणजे १९८६, रेइवा ६ म्हणजे २०२४. २०२४ मध्ये गाजलेल्या एका टीबीएस मालिकेत १९८६ मधला कडक व्यायामशिक्षक थेट २०२४ मध्ये येऊन पडतो. तिथे हा हिशेब जमला नाही तर अर्धी मजा हातची जाते.

पायरी तिसरी : बघायचं कुठे

भारतात राहणाऱ्यांसाठी पहिली जागा नेटफ्लिक्स. तिथे दोन प्रकारच्या जपानी मालिका असतात आणि त्यांतला फरक ओळखायला हवा. काही नेटफ्लिक्सने स्वतः केलेल्या असतात. त्या सगळे भाग एकदम घेऊन येतात आणि जगभर एकाच दिवशी. काही जपानी वाहिन्यांवर दर आठवड्याला झालेल्या असतात आणि नंतर विकत घेतलेल्या असतात. खऱ्या अर्थाने जपानी दूरदर्शन म्हणजे दुसरा प्रकार. तो शोधायचा तर शोधपेटीत मालिकेचं नाव टाकण्याआधी आवडत्या नटाचं नाव टाकून पाहा. त्या वाटेने बरंच काही सापडतं.

दुसरी जागा राकुतेन विकी. इथली उपशीर्षकं पुष्कळदा स्वयंसेवकांचे गट तयार करतात आणि ती कित्येक भाषांत असतात. अवघड शब्दांवर त्यांनी टाकलेल्या छोट्या टिपा फार कामाच्या असतात. कुठली मालिका कुठल्या देशात दिसेल ते मात्र करारावर ठरतं. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवरही अधूनमधून चाळावं.

एनएचके वर्ल्ड-जपान ही इंग्रजी वाहिनी मोफत आहे, पण तिच्यावर माहितीपट आणि बातम्याच जास्त. मालिकांच्या आशेने तिथे जाऊ नका. गावं, कारागीर, स्वयंपाक, रेल्वे यांवरचे तिचे कार्यक्रम मात्र पाहत राहा. मालिकेतली पार्श्वभूमी त्यामुळे ओळखीची होते. अमेरिका आणि कॅनडातल्या मराठी वाचकांनी जेमी ही सेवा पाहावी. तिथे अनेक वर्षं चाललेली टीव्ही जपान ही वाहिनी २०२४ मध्ये बंद झाली आणि तिची जागा या सेवेने घेतली. ती मुख्यतः तिथल्या जपानी कुटुंबांसाठी आहे, म्हणून पुष्कळ कार्यक्रम उपशीर्षकांशिवाय असतात.

जपान फाउंडेशनकडेही लक्ष ठेवा. या संस्थेचा ऑनलाइन जपानी चित्रपट महोत्सव मोफत असतो. २०२४ मध्ये त्यात चित्रपटांच्या जोडीला 'रिकुओ' आणि 'डाउनटाउन रॉकेट' या टीबीएसच्या दोन पूर्ण मालिकाही दाखवल्या होत्या. लहान कारखान्यातल्या माणसांच्या या दोन्ही गोष्टी भोसरी किंवा इचलकरंजीत लहानपण गेलेल्या कुणालाही आपल्याच वाटतील. असं काही जाहीर झालं की मुदत थोडी असते, म्हणून त्यांच्या दिल्ली कार्यालयाच्या सूचना येतील अशी व्यवस्था करून ठेवा.

आता टीव्हरबद्दल. जपानच्या खासगी वाहिन्यांनी मिळून ही सेवा ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केली. ताजा भाग साधारण आठवडाभर मोफत, जाहिरातींसह. पण ती जपानातल्या प्रेक्षकांसाठी आहे आणि बाहेरून भाग चालत नाहीत. इंटरनेटचा पत्ता बदलून ती बघायची वाट कुणीतरी तुम्हाला सुचवेलच. मी ती घेत नाही. सेवेच्या अटींत ते बसत नाही, आणि आपण कुठल्या देशातून पाहतो हे लपवलं की त्या देशात प्रेक्षक आहे हेही लपतं. चोरीच्या प्रती ठेवणाऱ्या संकेतस्थळांबद्दलही माझं हेच मत आहे. एके काळी हौशी चाहत्यांनी रात्ररात्र जागून उपशीर्षकं केली नसती, तर आमच्या पिढीला या मालिका कळल्याच नसत्या. त्या माणसांबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. आज मात्र जे रीतसर मिळतं ते रीतसरच बघावं.

पायरी चौथी : पहिली मालिका

पहिल्यांदाच बघणाऱ्याला मी 'मिडनाइट डायनर : टोकियो स्टोरीज' सुचवते. २००९ पासून जपानी वाहिनीवर चाललेल्या मालिकेची ही २०१६ मधली नेटफ्लिक्स आवृत्ती. टोकियोच्या एका गल्लीतली खाणावळ, मध्यरात्री उघडणारी आणि सकाळी सातला बंद होणारी. प्रत्येक भाग पंचवीसेक मिनिटांचा, प्रत्येकात एक पदार्थ आणि एक माणूस. एक भाग पाहून थांबलात तरी काही अपुरं वाटत नाही. जपानी मालिकेतले पॉझ, न बोललेलं वाक्य, चेहऱ्यावर रेंगाळणारा कॅमेरा, या सगळ्याची सवय इथे अलगद होते.

मग 'अननॅचरल' (२०१८). अनैसर्गिक मृत्यूंची कारणं शोधणाऱ्या प्रयोगशाळेची ही गोष्ट दहा भागांची आहे. प्रत्येक भागात वेगळं प्रकरण आणि खाली संथ वाहणारी एक मोठी गोष्ट. जपानी मालिकांची ही सगळ्यांत मुरलेली घडण आहे. डॉक्टर, पोलीस, वकील यांच्या बहुतेक मालिका याच साच्यातल्या. प्रेमकथा हवी असेल तर 'फर्स्ट लव्ह' (२०२२), नऊ भाग, होक्काइदोच्या बर्फातली.

असादोरा किंवा ताइगा पहिल्यांदा घेऊ नका. त्यांची गोडी सवयीत आहे. ती सवय लागायला आधी या भाषेची आणि माणसांची ओळख हवी.

पायरी पाचवी : नाव शोधण्याची युक्ती

एका मालिकेला निदान तीन नावं असतात: मूळ जपानी, परदेशासाठी दिलेलं इंग्रजी आणि चाहत्यांनी केलेलं लघुरूप. लघुरूप बहुधा चार मात्रांचं असतं. 'निगेरु वा हाजि दा गा याकु नि तात्सु' हे लांबलचक नाव सगळ्यांच्या तोंडी 'निगेहाजि' आहे. इंग्रजी नावाचा आणि मूळ नावाचा पुष्कळदा काही संबंध नसतो, आणि रोमन लिपीत एकच जपानी शब्द तीन तऱ्हांनी लिहितात. म्हणून सगळ्यांत भरवशाची रीत ही: मालिकेच्या इंग्रजी विकिपीडिया पानावरून जपानी पानावर जा, तिथलं मूळ नाव जसंच्या तसं उचला आणि तेच शोधा. जपानी लिपी वाचता आली नाही तरी चालेल, नक्कल करता आली की पुरे. नटांच्या बाबतीत जपानीत आडनाव आधी येतं आणि इंग्रजी पानांवर ते उलटलेलं असतं, हे ध्यानात ठेवा.

त्या नावाने मालिकेचं अधिकृत पान सापडतं. तिथे दोन गोष्टी आधी उघडा. एक 'आरासुजि', म्हणजे भागाचा सारांश. दुसरी 'सोकानझु', म्हणजे पात्रांच्या नात्यांचा नकाशा. सगळ्या पात्रांचे फोटो, त्यांच्यामध्ये बाण, आणि बाणांवर 'जुने मित्र', 'एकतर्फी प्रेम', 'वरिष्ठ' असे शब्द. ब्राउझरचं भाषांतर लावून तो नकाशा पाच मिनिटं पाहिला की पहिल्या भागात कोण कोणाचं हे विचारावं लागत नाही. काही पानांवर भाग पुढे सरकतील तसा नकाशाही बदलतो, म्हणून न पाहिलेल्या भागापुढचा नकाशा उघडू नका. पुढचं फोडून सांगण्याला जपानीत 'नेताबारे' म्हणतात. चाहत्यांशी बोलताना हा शब्द रोज लागेल.

पाहिलेल्या मालिकांची नोंद ठेवायला मायड्रामालिस्ट हे संकेतस्थळ चांगलं आहे. मी त्याशिवाय वहीही ठेवते: भाग, तारीख आणि कानावर राहिलेला एक जपानी शब्द.

पायरी सहावी : कान मराठी ठेवा

हे मला सगळ्यांत मनापासून सांगायचं आहे. आपण जपानी मालिका इंग्रजी उपशीर्षकांवर पाहतो आणि इंग्रजीतूनच समजून घेतो. त्यात पुष्कळ सांडतं. जे सांडतं त्यातलं बरंच मराठीत अलगद मावतं.

साधं वाक्य घ्या. 'कोरे वा होन देसु का?' कोरे म्हणजे हे, होन म्हणजे पुस्तक, देसु म्हणजे आहे, आणि शेवटचा 'का' म्हणजे आपला का. 'हे पुस्तक आहे का?' शब्दाला शब्द, क्रमाला क्रम. क्रियापद दोन्ही भाषांत शेवटी येतं, म्हणून नट वाक्याच्या शेवटी आवाज कुठे सोडतो ते आपल्याला कळतं. इंग्रजी उपशीर्षक मात्र ते क्रियापद कधीच दाखवून मोकळं झालेलं असतं. 'सामुइ देसु ने', 'थंडी आहे ना.' हा 'ने' आणि आपला 'ना' एकच काम करतात: समोरच्याला आपल्या बाजूला ओढून घेतात.

क्रियापदांच्या जोड्या तर ऐकतच राहाव्यात. 'ताबेते मिरु': खाऊन बघते. 'मिरु' म्हणजे खरोखरच बघणं. 'कात्ते ओकु': घेऊन ठेवते. 'ओकु' म्हणजे ठेवणं. आणि घरातून बाहेर पडणारं प्रत्येक पात्र म्हणतं ते 'इत्ते किमासु', म्हणजे जाऊन येते. घरातून उत्तर येतं, 'इत्ते राश्शाइ', जाऊन ये. खाली इंग्रजीत एवढंच दिसतं की मी निघाले. आपल्या घरात 'जाते' म्हणू देत नाहीत, 'येते म्हण' असं आजी बजावते. एखाद्या मालिकेत आई स्वयंपाकघरातून हाक देते, मुलगा उत्तर न देता दार लोटतो, आणि पुढच्या दृश्यात अपघात होतो. ते न दिलेलं 'जाऊन येतो' जपानी प्रेक्षकाला जसं टोचतं तसंच मराठी प्रेक्षकालाही टोचतं.

जेवणाआधीचं 'इतादाकिमासु' ऐकून मला 'वदनी कवळ घेता' आठवतं आणि जेवणानंतरचं 'गोचिसोसामा' ऐकून 'अन्नदाता सुखी भव'. 'योरोशिकु ओनेगाइ शिमासु' हे शेकडो प्रसंगी म्हटलं जाणारं वाक्य इंग्रजीत दर वेळी वेगळं होतं. जुन्या मराठी पत्राच्या शेवटी असायचं, 'लोभ असावा ही विनंती', त्याच्या ते सगळ्यांत जवळ आहे. 'ओत्सुकारेसामा' ला मात्र आपल्याकडे जोड नाही. काम संपवून निघताना सहकाऱ्याला म्हणतात ते, 'दमलात ना आज' असं काहीतरी.

आणि तू-तुम्ही. जपानी माणूस समोरच्याला शक्यतो सर्वनामाने हाक मारत नाही, नावाने मारतो, आणि नावाला काय जोडलं यात सगळं नातं असतं. आडनावापुढे 'सान', धाकट्याला 'कुन', लाडाने 'चान', ग्राहकाला 'सामा'. ज्या भागात नायक आडनाव सोडून पहिल्यांदा तिचं नाव उच्चारतो, त्या भागात इंग्रजी उपशीर्षकात काहीच घडलेलं दिसत नाही, कारण तिथे पहिल्या भागापासूनच नाव लिहिलेलं असतं. म्हणून नावांकडे कान ठेवा. 'देसु-मासु' ची सभ्य बोली सुटून साधी बोली आली की समजा, अहोचं अरे झालं. आणि जुन्या वळणाची बायको नवऱ्याला 'आनाता' म्हणते, तेव्हा ते आपलं 'अहो'च असतं.

सराव असा करा. भाग पहिल्यांदा इंग्रजी उपशीर्षकांवर पाहा. मग त्यातलं आवडलेलं तीन मिनिटांचं एक दृश्य निवडा आणि उपशीर्षकं बंद करून पाच वेळा ऐका. संगणकावर नेटफ्लिक्स पाहत असाल तर लँग्वेज रिॲक्टर या ब्राउझरच्या जोडणीने जपानी आणि इंग्रजी ओळी एकत्र दिसतात. जपानी उपशीर्षकं यादीत नसतील तर प्रोफाइलची भाषा बदलून पाहा. भाषा नीट शिकावीशी वाटली तर जपान फाउंडेशनचा 'इरोदोरि' हा अभ्यासक्रम मोफत आहे, आणि एनएचके वर्ल्डचे सोपे जपानी धडे हिंदीतूनही आहेत. पुण्यात तर जपानी शिकण्याची मोठी परंपरा आहे. रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात वर्ग चालतात, आणि जेएलपीटी ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. सगळ्यांत खालची एन-५ पातळी गाठली तरी मालिका निराळी ऐकू येते.

पायरी सातवी : लेखकाच्या मागे जा

बहुतेक चाहते नटाच्या मागे जातात. मी लेखकाच्या मागे जा म्हणेन. मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला हे नवं नाही, आपण नाटककाराच्या नावावर तिकीट काढत आलो आहोत. जपानी मालिकेतही 'क्याकुहोन', म्हणजे पटकथा, कुणाची आहे हे ठळक लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा सगळे भाग एकाच व्यक्तीने लिहिलेले असतात.

नोगि आकिको यांची 'निगेहाजि' (२०१६), 'अननॅचरल' (२०१८) आणि 'एमआययू४०४' (२०२०) ओळीने पाहा. संसारातलं न मोजलेलं काम, ऑफिसातला अन्याय, एकटं पडलेलं तरुण माणूस हे विषय एकातून दुसऱ्यात कसे वाढत गेले ते दिसतं. साकामोतो युजि यांनी १९९१ मध्ये 'टोकियो लव्ह स्टोरी' लिहिली तेव्हा ते पंचविशीच्या आत होते. त्यांच्याच २०१७ मधल्या 'क्वार्टेट' मधले संवाद मी वहीत उतरवून ठेवले आहेत. कुदो कानकुरो यांची 'आमाचान' (२०१३) ही असादोरा इवातेच्या किनाऱ्यावरच्या पाणबुड्या बायकांची, आणि तिच्या शेवटाकडे २०११ चा भूकंप येतो. नवं नाव हवं तर उबुकाता मिकु. फुजी टीव्हीच्या नवोदित पटकथा स्पर्धेत पहिल्या आल्यावर त्यांनी २०२२ मध्ये 'सायलेंट' लिहिली, ऐकू येणं थांबलेल्या तरुणाची गोष्ट. तिच्यातली अर्धी बोलणी हातांनी होतात.

पायरी आठवी : विकत घेण्याआधी

जी मालिका कुठेच मिळत नाही, तिची डीव्हीडी किंवा ब्लू-रे पेटी जपानहून मागवता येते. पण आधी तीन गोष्टी तपासा. जपानची डीव्हीडी विभाग २ची असते, भारत विभाग ५मध्ये येतो. ब्लू-रेमध्ये जपान विभाग ए, भारत विभाग सी. इथल्या साध्या प्लेअरवर ती चालत नाही, सर्व विभाग वाचणारा प्लेअर लागतो. दुसरं, जपानी पेटीत इंग्रजी उपशीर्षकं जवळजवळ कधीच नसतात. तिसरं, एका मालिकेची पेटी साधारण १५,००० ते २५,००० येन आणि वर टपाल आणि सीमाशुल्क. मी पहिली पेटी यातलं काही न विचारता मागवली होती. विक्रेत्यानेही काही सांगितलं नाही. ती तीन वर्षं कपाटात पडून होती.

त्याहून स्वस्त आणि जास्त आनंदाची खरेदी म्हणजे छापील पटकथा. गाजलेल्या मालिकांच्या पटकथा पुस्तकरूपाने निघतात आणि 'गेक्कान दोरामा' हे मासिक पटकथा छापतं. थोडं वाचता येऊ लागलं की दृश्य आणि कागद शेजारी ठेवून पाहा.

पायरी नववी : तिथे जाल तेव्हा, आणि न जाताही

चित्रीकरणाच्या जागी जाण्याला जपानी चाहते 'सेइचि जुन्रेइ' म्हणतात, म्हणजे तीर्थयात्रा. 'ओशिन' साठी यामागाता प्रांतातल्या साकाता गावची सांक्यो गोदामं आहेत. १८९३ मध्ये बांधलेली ही भाताची काळी लाकडी गोदामं झाडांच्या रांगेमागे उभी आहेत. 'सायलेंट' साठी टोकियोतलं सेतागाया-दाइता हे छोटं स्टेशन. टोकियोतच आतागो टेकडीवर एनएचकेचं प्रसारण संग्रहालय आहे आणि प्रवेश मोफत आहे. ताइगा मालिका ज्या गावांशी जोडलेली असते तिथे त्या वर्षापुरतं 'ताइगा दोरामा-कान' हे प्रदर्शन उघडतं, त्यात वेशभूषा आणि सामान ठेवलेलं असतं. वर्ष सरलं की ते बंद होतं, म्हणून तारीख पाहून जा.

'कोदोकु नो गुरुमे' या एकट्याने जेवणाऱ्या माणसाच्या मालिकेतल्या खाणावळी खऱ्या आहेत, खऱ्या नावानिशी. तिथे जाताना रोख पैसे ठेवा, रांगेत शांत उभे राहा आणि इतरांचे चेहरे फोटोत घेऊ नका. शाकाहारी वाचकांनी लक्षात ठेवावं, भाजी आणि टोफू दिसला तरी रस्सा बहुधा 'दाशि'चा असतो आणि दाशि बहुतेकदा वाळवलेल्या माशाची असते. आधी विचारून घ्या.

प्रवास जमला नाही तरी एक काम इथे बसून करता येतं, आणि ते मी प्रत्येक हंगामात करते. मालिकेच्या अधिकृत पानावर प्रेक्षकांच्या अभिप्रायासाठी बहुतेक वेळा एक चौकट असते. भाषांतराच्या मदतीने सोप्या जपानीत चार ओळी लिहा. भाग कितवा, दृश्य कुठलं, ते का आवडलं. आपण ती मालिका कुठे पाहिली हेही लिहा, किंवा ती आपल्या देशात मिळत नाही हे लिहा. भारतात प्रेक्षक आहे हे त्यांना कळण्याची दुसरी सोपी वाट नाही. विषय लांबवू नका, उत्तराची अपेक्षा ठेवू नका. शेवटच्या ओळीत नावाच्या जागी एवढंच लिहिलं तरी चालतं: 'इंदो योरि', भारताहून.